माझं-तुझं

घोटावड्याच्या स्टॉपवर बसची वाट बघत मी फ्रेंचचे धडे घोकायचे. शेळ्या चारणाऱ्या एक मावशी शेजारच्या दगडावर बसून, तळहातावर तंबाखू मळत माझं तोंड न्याहाळायच्या. एकदा त्यांनी विचारलंच, "काय गं पुटपुटतीस रोज?"

"फ्रेंच शिकतेय, मावशी. आज माझं, तुझं, त्याचं."

मावशी मांडीवर थाप मारून हसल्या. "त्येला क्लास कशाला? आमच्या भावकीत ये. बांधावर उभी ऱ्हा, दोन दिसांत सगळं पाठ हुईल!"

तेवढ्यात त्यांच्या शेळ्या बांध ओलांडून पलीकडच्या हरभऱ्यात शिरल्या. मी ओरडले, "मावशी, शेळ्या दुसऱ्याच्या रानात!"

मावशी जागच्या हलल्या नाहीत. तंबाखूची चिमूट दाढेत धरून शांतपणे म्हणाल्या, "दिराचंच रान हाय. शेळ्यांस्नी तेवढं माजं-तुजं शिकवू नगंस."