पुस्तकाची कड

जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक मुलगी प्रोग्रामिंगची दोन पुस्तकं हातात घेऊन उभी होती. कुठलं घ्यावं, ते तिला ठरवता येत नव्हतं. दुकानदारकाकांनी नावंसुद्धा वाचली नाहीत. दोन्ही पुस्तकं मिटून आडवी धरली आणि पानांची कड दाखवली. "हे बघ, इथपर्यंत कड मळलीय, म्हणजे कुणीतरी इथपर्यंत वाचलंय. दुसरं पांढरंफटक आहे, ते कुणी उघडलंच नाही. मळकं घे."

ती हसत मळकं घेऊन गेली. शेजारीच पुस्तकं चाळत उभी असलेली मी मात्र हातातलं पुस्तक खाली ठेवून तडक घरी निघाले.

ऑफिसातल्या शिरीषदादाने मला त्याचं एक जाडजूड पुस्तक दिलं होतं. "मी यावरूनच शिकलो. हे नाही जमलं, तर प्रोग्रामिंग तुझं काम नाही," म्हणाला होता. रोज स्वयंपाक करता करता मी ते वाचायचे. तिसऱ्या प्रकरणात अडकले ती अडकलेच. मग स्वतःलाच मठ्ठ ठरवलं आणि तो नाद कायमचा सोडला. माणसाला अशी कड नसते. तो कुठपर्यंत खरा आहे, ते आडवं धरून बघता येत नाही.

घरी आले आणि चपला न काढताच फळीवरचं ते पुस्तक खाली घेतलं. मिटून आडवं धरलं. सगळी कड पांढरीशुभ्र होती. फक्त सुरुवातीची बोटभर जागा मळली होती आणि तिच्यावर हळदीच्या बोटांचे पिवळट डाग होते. माझ्याच बोटांचे.