तापट मुलीच्या नावानं

कोर्टाच्या फाटकाबाहेर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून, ती तेवीस वर्षं मृत्युपत्रं टाइप करत होती. सगळे तिला मिरची म्हणत. पक्षकारानं तिसऱ्यांदा मजकूर बदलला, की कागद ओढून काढून त्याच्या हातात द्यायची. "आधी काय ते ठरवून या!" स्वभावाला औषध नाही, असं तिची आईच म्हणायची.

थोरला भाऊ म्हणजे गरीब गाय. ग्रंथालयात नोकरी, त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. वडिलांचं शेवटचं आजारपण त्यानंच काढलं. ती मात्र वडिलांशी भांडून सहा वर्षं तिकडे फिरकली नव्हती.

वडील गेल्यावर महिन्याभरानं वकिलांनी दोघांना बोलावलं. मृत्युपत्र होतं. तिच्यापासून चार टेबलं सोडून बसणाऱ्या टायपिस्टनं केलेलं, आणि तिला गंधवार्ता नव्हती!

"माझ्या मिळकतीची विल्हेवाट पुढीलप्रमाणे लावावी," वकील वाचू लागले. हे वाक्य तिच्या बोटांना पाठ होतं. पुढचं नव्हतं.

"मुलगा भला आहे. कुणीही गोड बोलून त्याची सही घेईल. मुलगी तापट आहे, ती घर राखील. घर मुलीला."

"काहीतरी चुकलंय," ती पुटपुटली.

तेवढ्यात काच फुटली. दादानं पाण्याचा ग्लास भिंतीवर मारला होता.

"त्यांचं सगळं मी केलं! हगणं-मुतणं काढलं! गप्प बसलो म्हणून मी बावळट?"

कारकून धावत आला आणि दारातच थिजला. वकील चाचरत म्हणाले, "मृत्युपत्र करणाऱ्याची इच्छा... कायदा तेवढंच बघतो."

"आणि स्वभाव? तो त्यांनी कधी बघितला?"

एरवी कुणाचं ऐकून न घेणाऱ्या मिरचीनं हे सगळं ऐकून घेतलं. दादा निघून गेला, तरी ती काचांकडे बघत बसली होती.

आठवड्यानं अर्धं घर त्याच्या नावे करणारं बक्षीसपत्र तिनं स्वतः टाइप केलं आणि त्याच्याकडे नेलं. "दादा, एवढं घे."

त्यानं चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली. कागद घडी करून खिशात ठेवला.

"आधी माझ्या वकिलाला दाखवतो."

"माझ्यावरही विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे. कागदावर नाही."

वडिलांना हा माणूस दिसला नव्हता. तिला तरी कुठे दिसला होता?

नवव्या दिवशी तो नोंदणी कार्यालयात आला. सोबत स्वतःचे दोन साक्षीदार होते.