डोक्यावर टाकलेला चेंडू

इंग्लंडातल्या हॅदरबी गावच्या पोरांना थ्रॉसेल मास्तरांच्या छडीची धास्ती होती, तशी आसपासच्या गावांतल्या फलंदाजांना त्यांच्या चेंडूची. मास्तर सहा फुटांच्या वर, खांदे लोहारासारखे, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आठवडाभर शाळेत गणित शिकवायचे, चुकेल त्याच्या तळहातावर वळ उठवायचे. शनिवारी पांढरी पँट चढवून चेंडू टाकायला धावत आले, की समोरचा फलंदाज एक पाऊल मागं सरायचा. लहानपणी बापानं त्यांना पट्ट्यानं फोडून काढलं होतं. मार खाल्ला म्हणूनच आपण माणसात आलो, असं ते मनापासून मानत.

त्या जूनमध्ये चुनखडीच्या खाणीवरच्या मजुरांशी सामना होता. जेबेझ क्लफ खेळायला आला आणि त्यानं मास्तरांचा पहिलाच चेंडू कुंपणाकडे टोलावला.

"काय मास्तर, परवा आमच्या विलला बडवण्यातच सगळा जोर संपला वाटतं?"

खाणवाले खिदळले. पुढचाही चेंडू कुंपणाला जाऊन लागला.

"पोराचा हात अजून सुजलाय. पोरांपुढं वाघ, अन् बापापुढं मांजर!"

आता मास्तरांच्या बाजूची माणसंसुद्धा तोंड फिरवून हसली. मास्तरांचे कान तापले. पाद्रीबुवा त्यांचे कप्तान होते. ते जवळ येऊन म्हणाले, "थ्रॉसेल, मनावर घेऊ नका. सरळ टाका."

मास्तरांनी आखूड टप्पा धरला आणि अंगातली सगळी ताकद लावली. चेंडू जेबेझच्या कानशिलावर बसला. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज आला. जेबेझ क्षणभर उभाच राहिला, "दिसलाच नाही," एवढं म्हणाला आणि गुडघ्यांत मोडून पडला. कानातून रक्त येत होतं. चहाच्या तंबूतल्या टेबलावरच्या कपबशा खाली ढकलून त्याला तिथं आडवा केला. डॉक्टर पोहोचायच्या आत तो गेला.

मृत्यूची चौकशी गावच्या खानावळीतल्या वरच्या खोलीत झाली. चौकशी अधिकारी स्वतः क्रिकेटचा शौकीन होता.

"खेळपट्टी खडबडीत, चेंडू अचानक उसळला. असंच ना, मास्तर?"

"नाही. मी डोक्यावरच टाकला."

"घाबरवायला, एवढंच ना?"

"लागावा म्हणून."

अधिकाऱ्यानं चष्मा काढून पुसला. "तुमची झोप झालेली नाही, मास्तर. खाली बसा." आणि त्यानं अपघात म्हणून निकाल दिला.

मास्तर तिथून घरी गेले नाहीत, थेट खाणीवर गेले. खबर त्यांच्या आधीच पोहोचली होती. जेबेझचा भाऊ सॉल दगड फोडत होता.

"तिथं बोललास ते खरं?" सॉलनं विचारलं.

"खरं."

"मग सोडला कसा तुला?"

"त्यांना ऐकायचंच नव्हतं."

सॉलची पहिली मूठ मास्तरांच्या तोंडावर बसली. दात तुटून जिभेवर आले. ते पडले तेव्हा बरगड्यांवर बुटांच्या लाथा बसल्या. मास्तरांनी हात उचलला नाही. मग दोघा खाणवाल्यांनी त्यांचा उजवा हात ओढून दगडावर दाबून धरला आणि सॉलनं हातोडा घातला. पहिल्या घावाला मास्तर गुरासारखे ओरडले. दुसरा त्यांना कळलाच नाही.

इस्पितळात हवालदार आला. "कुणी केलं?"

"पाय घसरला. हातावर दगड पडला."

"तोंडावरही दगडच का?"

"हो."

तीन बोटं कापावी लागली. शाळेनं त्यांना परत घेतलं. मास्तर निवळले, असं गावात बोललं जाऊ लागलं. पण हिवाळ्यात एका सकाळी विल क्लफनं हातातली पाटी त्यांच्यावर फेकली. तिच्या कडेनं भुवई फाटली. दुसऱ्या क्षणी मास्तरांच्या डाव्या हातात पोराची मान होती आणि त्याचे पाय जमिनीवरून उचललेले होते. विलचा चेहरा काळानिळा होत होता, पण नजर हलत नव्हती.

"मारा ना," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "बापाला मारलंतच की."

मास्तरांनी हात सोडला. पोर खोकत फरशीवर बसलं. मास्तर आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिले. तो अजून वळलेलाच होता. भुवईतलं रक्त डोळ्यात उतरत होतं, तेही पुसायचं त्यांना सुचलं नाही. त्याच दुपारी त्यांनी नोकरी सोडली. त्यानंतर त्यांनी कुणाच्याच पोराला शिकवलं नाही. ग्रिम्सबीच्या बंदरात मासळीच्या पेट्या मोजायचं काम धरलं, आणि मरेपर्यंत तेच केलं.

गाव सोडताना स्टेशनची वाट जेबेझच्या घरावरून जात होती. त्याची बायको केझाया उंबरा धूत होती. मास्तर थांबले, टोपी काढली. काही बोलायला तोंड उघडलं, तोच तिनं बादलीतलं घाण पाणी त्यांच्या पायांवर ओतलं आणि आत जाऊन कडी लावली. मास्तरांनी टोपी परत डोक्यावर चढवली. मग ओल्या बुटांनी गाडी गाठायला निघाले.