चौथ्या मजल्यावरच्या बाई

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. वळसंगच्या शाळेत माझा सत्कार झाला, खांद्यावर शाल पडली, तेव्हाही गप्प बसले. आज सांगते — आणि मान खाली घालून नाही.

सोलापुरात नर्सिंगचा कोर्स करून मी परदेशात एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करायला गेले होते. चौथा मजला, बाई चाकाच्या खुर्चीत, आणि शहरावर रोज क्षेपणास्त्रं. भोंगा वाजला की लिफ्ट बंद. सगळ्यांनी जिन्यानं तळघरात जायचं. बाईंना पाठीवर घेऊन उतरायचं हे माझं काम. सुरुवातीला मी ते केलंही.

शहर तशातही जगत होतंच की. सकाळी पावाच्या दुकानापुढं रांग लागायची, माणसं काचा झाडून दुकानं उघडायची. बाईंची मुलगी दुसऱ्या गावाहून फोन करून बोलवायची. बाई ठाम नकार द्यायच्या. कुणी वरून बॉम्ब टाकतं म्हणून स्वतःचं घर सोडायचं?

एका दुपारी मी पोळ्या करत होते. भोंगा झाला आणि माझे पाय पळाले. तळघरात पोचल्यावर कळलं — पाठ रिकामी आहे. परत वर आले तर तवा काळा पडलेला, आणि बाई खुर्ची ढकलत ओट्यापाशी पोचलेल्या. एवढंच म्हणाल्या, "जाताना गॅस बंद करत जा."

पुढच्या खेपेला मी गॅस बंद केला. आणि गेले. कळतंय ना? पहिल्यांदा पाय पळाले. दुसऱ्यांदा मी पळाले.

तरी सांगायचंय ते हेही नाही.

तिसऱ्या खेपेला खालच्या मजल्यावरचा शेजारी जिन्यात भेटला. धिप्पाड माणूस, काखेत कुत्रं. त्यानं थांबून विचारलं, "बाई कुठं आहेत?"

खरं बोलले असते तर तो वर गेला असता. मी म्हणाले, "मुलीकडे गेल्यात."

तो निर्धास्तपणे माझ्याबरोबर खाली आला.

त्या दिवशी मागची इमारत पडली. आमच्या सगळ्या खिडक्या फुटून आत आल्या. बाई वाचल्या. संध्याकाळपर्यंत मी त्यांच्या केसांतून काचा वेचत होते, आणि त्या फोनवर मुलीला सांगत होत्या — हिनंच मला पाठीवरून खाली नेलं. खरं कळतं तर मुलीनं त्यांना तिथून हलवलंच असतं. त्यांचं खोटं घरासाठी होतं. माझं कशासाठी?

मुलीनं कौतुकानं माझ्या घरी कळवलं. सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात, "आमची सून लई धीराची हाय."

भोंग्याला मी घाबरत होते. सगळेच घाबरत होते. पण जिन्यात, त्या माणसासमोर, मी घाबरले नव्हते — मला लाज वाटली होती. ती झाकायला मी एका जित्या बाईला वर ठेवलं. त्याला भीतीचं नाव मी देणार नाही.