निम्मे दिवे बंद

माझा आवाज मोठा आहे. महाळुंग्यात आमच्या कंपनीच्या लाइनवर मी शिंकलो, की तिकडे देहूरोडला पहाऱ्यावरचा जवान बंदूक सावरून उभा राहतो, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. इतक्या वेळा सांगितलंय की आता मलाही ते थोडं थोडं खरं वाटायला लागलंय. पण त्या दिवशी प्लांटहेड साहेबांनी कबड्डीच्या टीमला कॅन्टीनमध्ये बोलावून जे सांगितलं, त्यावर माझ्या तोंडातून साधा 'हं'सुद्धा निघाला नाही.

"यंदा आंतरकंपनी कप आला तर टीम राहील," साहेब म्हणाले. "नाही आला तर टीम बंद. रोज दोन तास एवढी माणसं लाइनवरून सोडणं मला परवडत नाही. बेस्ट लक."

खराब मालावर आम्ही लाल टॅग बांधतो ना, तितक्याच मायेने त्यांनी ते बेस्ट लक आमच्या गळ्यात बांधलं.

मी क्वालिटीला आहे. दिवसभर गेज हातात धरून गिअरचे दात तपासतो. हा चांगला, हा लाल डब्यात, हा चांगला, हा लाल डब्यात. त्या दोन तासांत मात्र मी गेज ठेवतो, चड्डी चढवतो आणि मॅटवर डाव्या कोपऱ्यात उभा राहतो. समोरच्या चढाईवाल्याचा घोटा दिसला की झेप घ्यायची आणि तो सोडायचा नाही, एवढंच माझं काम. एकोणचाळिशीला आलो होतो, उजवा गुडघा वंगण न घातलेल्या बिजागरीसारखा बोलत होता. टीम बंद झाली असती तर तरुण पोरांना दुसऱ्या कंपनीने उचललं असतं. मला कुणी उचललं असतं? भंगारवाल्याने. त्या दिवसापासून पोटात जो गोळा आला, तो जेवायला बसलो की माझ्याआधी पाटावर बसायचा.

साहेबांनी एक मेहेरबानी केली. स्पर्धेपर्यंत आठवड्यातून काही दिवस एक फिजिओथेरपिस्ट मॅडम येतील, असं ठरवलं. मॅडम म्हणजे पंचविशीतली मुलगी. आली आणि पहिल्याच वाक्यात मला म्हणाली, "काका, तुमचा गुडघा बघू."

"दादा म्हण," मी म्हणालो.

"बरं दादा. आधी गुडघा बघू, मग वय बघू."

पोरं खिदळली. तिने गुडघ्याचे व्यायाम दिले, जिने चढायला लावले, झोपेबद्दल विचारलं. मग बॅगेतून एक पट्टा काढला. कमरेच्या पट्ट्याहून रुंद, आत दिव्यांच्या ओळी. मांडीला गुंडाळायचा, बटण दाबायचं, लाल उजेड पडतो. सरावाआधी काही मिनिटं लावायचा, म्हणजे स्नायू उशिरा थकतात आणि दुसऱ्या दिवशी कमी दुखतात, असं ती म्हणाली.

आता क्वालिटीच्या माणसापुढे वस्तू आली की त्याचा हात आपोआप लाल टॅगकडे जातो. मी पट्टा उलटा करून बघितला आणि ओरडलो, "मॅडम, फसवलं तुम्हाला! निम्मे दिवे बंद आहेत. एक आड एक. अख्खा लॉट परत पाठवा."

"ते बंद नाहीत. त्यांचा उजेड इन्फ्रारेड असतो, डोळ्याला दिसत नाही. तोच जास्त खोल जातो."

"आणि गरम कुठं लागतंय? शेक म्हटलं की चटका नको का बसायला?"

"हा शेक नाहीये दादा." हे वाक्य तिला पुढे इतक्या वेळा म्हणावं लागलं की पोरांनी सरावाची घोषणाच करून टाकली तिची. "शेकात ऊब काम करते. इथे फक्त उजेड काम करतो."

"मग दुप्पट वेळ लावा. माझं वय बघा."

"जास्त लावला तर उपयोग कमीसुद्धा होतो. आणि खरं सांगू? थोडा फरक पडतो, तोही प्रत्येकाला पडेल असं नाही. काही ठिकाणी तपासून बघितलं तर फरक दिसला, काही ठिकाणी नाही. सराव आणि झोप यांच्यानंतरची गोष्ट आहे ही."

सरळ, मोजून-मापून बोलली बिचारी. पण असल्या थोड्या-थोड्या फरकावर टीम वाचते का? पोरांचे चेहरे साहेबांच्या त्या भाषणापासून पडले होते. त्यात उमेद भरायची तर कुणीतरी जरा सैल हाताने भरायला हवी होती, आणि माझ्याइतका सैल हात अख्ख्या चाकण पट्ट्यात नाही. मी सांगायला सुरुवात केली. दिवा लावल्यापासून गुडघा बोलायचा थांबला, उलट आता हुकूम ऐकतो. दिवा लावून घरी गेलो तर लिफ्टच्या आधी वरच्या मजल्यावर पोचलो, लिफ्ट धापा टाकत मागून आली. दिवा लावून मी कॅन्टीनची मागची भिंत एका उडीत ओलांडली. वॉचमनने एंट्री करायला बोलावलं, म्हणून तितक्याच उडीत परत आलो.

पोरं हसायची, पण पट्टा बांधताना गप्प व्हायची. आणि खरंच धावायला लागली. सगळ्यात जास्त आमचा मुख्य चढाईवाला. लातूरकडचा गडी, मला मामा म्हणायचा. पट्टा सुटला की उभ्या उभ्या उड्या मारायचा. "मामा, पाय निस्ते उडायलेत," म्हणायचा. "धरून ठेवा बरं मला."

स्पर्धा भोसरीला होती, गुरुवारी. आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, त्यामुळे सगळ्या कंपन्यांची माणसं शिट्ट्या घेऊन हजर. सकाळी सेमीफायनल आम्ही कशीबशी काढली. दोन पकडी मी केल्या, तिसऱ्या वेळी झेपेतून उठताना गुडघ्यात काहीतरी खुट्ट झालं. फायनल दुपारी. मधल्या वेळेत शाळेच्या एका वर्गात बाकांवर पोरं आडवी झाली आणि मॅडम एकेकाच्या मांडीला पट्टा बांधायला लागल्या. माझी पाळी आली, तेव्हा मला पट्टा बांधून त्या पाण्याच्या बाटल्या आणायला बाहेर गेल्या.

मला शांत बसता येत नाही, हा माझा जन्माचा घोळ. टीव्हीचा रिमोट चालेना झाला की मी काय करतो, ते आठवलं. रिमोटच्या टोकाचा दिवाही असाच न दिसणारा असतो. तो फोनच्या कॅमेऱ्यातून बघितला की जांभळट चमकतो. चमकला तर रिमोट चांगला, नाहीतर सेल संपला. मी खिशातून फोन काढला, पट्टा सैल करून दिवे वर केले आणि कॅमेरा धरला.

लाल दिवे लाल. मधले दिवे काळे ठिक्कर.

पुन्हा बघितलं. फोन पुसून बघितलं. शर्टाने दिवे पुसले. काळेच. निम्मे दिवे खरोखरच मेलेले होते, आणि ज्यांचा उजेड खोल जातो म्हणे, तेच नेमके. म्हणजे इतके दिवस आमच्या मांड्यांवर काय पडत होतं? गणपतीच्या मांडवाची रोषणाई?

बाजूच्या बाकावर लातूरवाला डोळे मिटून पडला होता, तोंडावर हसू. त्याला सांगितलं तर? त्याचे उडणारे पाय तिथल्या तिथे जमिनीवर उतरले असते. न सांगावं तर माझ्या पोटात आजवर एक गोष्ट दुपारपर्यंत राहिलेली नाही. मिनिटं भरली तसा मी पट्टा काढला आणि लंगडत मैदानाच्या मागे जाऊन बायकोला फोन लावला.

"अगं, दिवा बंद आहे."

"कुठला? बाथरूमचा?"

"मांडीचा! टीमचा! मी कॅमेऱ्यातून बघितलं, निम्मे मेलेत. पोरांना वाटतंय आपण चार्ज झालोय. आता फायनल आहे. मी सांगितलं तर हरलो, नाही सांगितलं तर माझं पोट फुटेल."

"मग फुटू दे. सोळा वर्षांत तुमच्या पोटात काही राहिलं नाही, एक दुपार राहू द्या."

"टीम बंद पडेल गं."

"अहो, पण तुम्ही कुठल्या फो—"

शिट्टी झाली. मी फोन कापला. तिचं वाक्य मी पुरं होऊ दिलं, असं आमच्या संसारात कधी झालेलं नाही. त्या दिवशी तरी का व्हावं?

मॅटवर जायच्या आधी लातूरवाला धावत आला. "मामा, आज असं वाटायलंय, भोसरीतून उडी मारली तर डायरेक्ट लातूरला उतरतोय. तुमचे पाय कसे हायेत?"

थाप मारायला एवढी सोपी जागा देवाने मला कधी दिली नव्हती. आणि मी चड्डीची नाडी आवळत राहिलो. माझ्या लेखी आजवरची प्रत्येक थाप म्हणजे मी दुसऱ्याच्या खांद्यावर टाकलेली उबेची शाल होती. आता त्या शालीत ऊबच नाही हे मला ठाऊक होतं आणि त्याला नव्हतं. "मस्त," एवढंच म्हणालो. त्याने जरा चमकून बघितलं. मी एका शब्दात उत्तर दिलं, म्हणजे कुणीतरी गेलं की काय, असं त्याला वाटलं असणार.

ती फायनल मी खेळलो असं म्हणणं जास्तीचं होईल. मी तिथे उभा होतो. पाय माझे नव्हते, कुणीतरी सिमेंटचे खांब कोपऱ्यात रोवून गेलं होतं. सकाळी याच पायांनी मी दोन पकडी केल्या होत्या, पण सकाळी मला माहीत नव्हतं. लातूरवाल्याच्या प्रत्येक चढाईला मी त्याचे पाय तपासत होतो, आता दमेल, आता दमेल. तो दमत नव्हता. गुण आणत होता, परत येऊन माझ्या पाठीवर थाप मारत होता.

शेवटची चढाई त्यांची. आम्ही एका गुणाने पुढे. त्यांचा चढाईवाला मॅटवर आला तो थेट माझ्या कोपऱ्याकडे. गडी असा उंच, की त्याची सावली आळंदीपर्यंत गेली असावी. माझी कीर्ती त्याने ऐकली होती. घोटा दिसला की हा म्हातारा तुटून पडतो. त्याने डावा पाय माझ्यापुढे असा ठेवला, जसा सासरी जावयापुढे लाडू ठेवतात. झेप घे आणि खा. मी झेप घेतली की तो पाय काढणार, मला हात लावणार आणि गुण घेऊन पळणार. हे सगळं मला नंतर समजलं. तेव्हा फक्त घोटा दिसत होता.

मागून आमचा कप्तान ओरडला, "आरं धर की! हाय समोर!"

माझा जीव पुढे गेला, पाय गेले नाहीत. अंगातून घाम निघाला, गुडघा म्हणाला, 'नाही', मांडी म्हणाली, 'दिवा बंद आहे'. मी जागेवरून हललो नाही. त्याने पाय आणखी पुढे सरकवला. मी तसाच. तो गोंधळला. दुसऱ्या बाजूला वळेपर्यंत त्याची वेळ संपत आली, आणि त्याला रिकामं परतावं लागलं.

जिंकलो. पोरांनी मला उचललं. "काय संयम! काय डोकं!" कप्तान ओरडत होता. मी वर, हवेत, खाली उतरवा म्हणत होतो. मॅडम खालून टाळ्या वाजवत होत्या, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

उतरवल्याबरोबर बाजूला ठेवलेल्या बॅगेत फोन वाजला. बायको.

"कापू नका आता. कुठल्या फोनवर बघितलं?"

"माझ्या. नव्या."

"त्यावर आपला रिमोटसुद्धा दिसत नाही. तुम्ही बघता तो माझ्या जुन्या फोनवर. नव्याचा मागचा कॅमेरा तो उजेड गाळून टाकतो. सेल्फीवाल्याने बघा."

मी वर्गात गेलो. पट्टा बाकावर पडलेला होता. बटण दाबलं, पट्टा खांद्याजवळ धरला आणि पुढचा कॅमेरा उघडला. सगळ्या ओळी पेटलेल्या. लाल, जांभळट, लाल, जांभळट. एक दिवा बंद नव्हता. आणि त्या दिव्यांच्या शेजारी, सेल्फीच असल्यामुळे, माझं घामाने निथळणारं तोंड.

म्हणजे उजेड माझ्याही मांडीवर पुरता पडला होता. मग पाय का जड झाले? आणि लातूरवाल्याचे का उडत राहिले? मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "दादा, हे मलाही सांगता येणार नाही."

टीम वाचली, असं वाटून मी त्या आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवलो. मग साहेबांनी बोलावलं. टेबलावर कप, चेहऱ्यावर हसू.

"त्या दिव्याबद्दल ऐकलं. गुडघा बरा झाला म्हणे तुमचा. कॅन्टीनची भिंत ओलांडलीत?"

मी गालात हसलो. सवयच ती.

"ग्रेट. टीम राहील. दिव्याने एवढं होत असेल तर दोन तास सराव कशाला? एक तास पुरे."

"साहेब, तसं नाही," मी घाईने म्हणालो. "थोडाच फरक पडतो. सगळ्यांना पडतोच असंही नाही. भिंत मी... भिंत तशी बुटकी आहे."

साहेब हसत सुटले. "तुम्ही ना, एक नंबर माणूस आहात!"

मॅडमचे शब्द मी शब्दाला शब्द सांगितले होते, आवाजही मोठा केला होता. त्यांना वाटलं, हीसुद्धा थापच.

आता सरावाचा दुसरा तास आम्ही शिफ्ट सुटल्यावर करतो, ट्रकच्या पार्किंगमध्ये, चटया टाकून. कप पुन्हा जवळ आलाय. लातूरवाला उड्या मारतो. मी पट्टा बांधायच्या आधी तो खांद्याजवळ धरतो, सेल्फी कॅमेरा उघडतो आणि दिवे तपासतो. पोरं लातूरवाल्याची नक्कल करत म्हणतात, मामा फोटो काढायलेत. सगळे दिवे चालू असतात. शेजारचं तोंड मात्र अजून त्या फायनलच्या दिवसासारखंच घामेजलेलं दिसतं.