देवाचा पाला देवाकडेच

प्रा. शमीम तांबोळी, म्हणजे आमच्या मॅडम, जूनपासून मला वनस्पतिशास्त्र शिकवत होत्या. पण त्यांची खरी ओळख झाली ती फाल्गुनात, वणव्याने काळ्या पडलेल्या एका डोंगरउतारावर. ओतूरच्या महाविद्यालयातून आमची सहल तिथे नेली होती. डब्यात पुऱ्या घेऊन आलेल्या मुलामुलींना राखेत उभे करणाऱ्या बाई आम्ही प्रथमच पाहत होतो. मी निमगाव सावाचा. उसाचे पाचट पेटवण्यात आमचा हात धरणारा कोणी नाही. आगीचे मला काय कौतुक! समोरच्या झाडाकडे पाहून मी मोठ्या जाणतेपणाने म्हणालो, "मॅडम, हे मेलं."

"मृत्यूचा दाखला द्यायला तुम्ही ग्रामसेवक आहात का?" मॅडम म्हणाल्या. "आधी नख लावून बघा."

हाताशी आलेल्या फांदीची साल मी नखाने खरवडली. काजळी निघाली आणि खाली ओलसर हिरवे दिसले. तो ऐन होता. ऐनाच्या खोडाची साल जाड, भेगाळलेली. ती स्वतः जळते आणि आतला जीव राखते. शेजारची जांभळीची रोपे मात्र मुळापर्यंत करपली होती. पुऱ्या त्या दिवशी कोणालाच फारशा गोड लागल्या नाहीत.

पुढे मी त्याच महाविद्यालयात शिकवायला लागलो आणि मॅडमचा सहकारी झालो. उत्तरपत्रिकेत कोणी 'वणवा लागला' असे लिहिले की त्या 'लागला' खोडून 'लावला' करत. "भूक लागते, ठेच लागते. वणवा बहुतेक वेळा कोणीतरी लावतो," असे त्या म्हणत. पण म्हणून डोंगरातल्या माणसांना त्यांनी कधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही. डोंगर जाळला की चांगले गवत येते, असे तिथले लोक मानतात. मॅडम ते खोडून काढत नसत. गवत येते, खरेच येते, असे आधी मान्य करत; मग करपलेली रोपे दाखवायला नेत. मोठी झाडे उभी आणि खाली एकही रोप नाही, असे रान म्हणजे तरणी माणसे गेलेली आणि म्हातारी तेवढी मागे राहिलेली वाडी, हे त्यांचे म्हणणे वाडीतल्या माणसाला चटकन कळे.

जनावरांच्या बाबतीतही त्यांना सरधोपट बोललेले चालत नसे. वणव्यात भेकर पळते, साप बिळात शिरतो, आणि कोतवाल पक्षी तर आगीच्या कडेने उडत होरपळून निघालेले किडे टिपतो. त्यांना काळजी असे ती धनेश पक्ष्याची. धनेशाची मादी नेमकी वणव्याच्या दिवसांत झाडाच्या ढोलीत शिरते, दार लिंपून घेते आणि अंड्यांवर बसते. नर फटीतून तिला फळे भरवतो. आग आली तर ती कुठे जाणार?

आहुप्याची देवराई सर्वांना ठाऊक आहे. त्याच डोंगराच्या अंगाला एका वाडीची लहानशी राई आहे. तिच्यात एक जुना बेहडा आहे आणि त्याच्या उंचावरच्या ढोलीत धनेशाचे घर. वणवा दर उन्हाळ्यात त्या राईच्या जवळ जवळ सरकत होता. काठाला वाळला पाला गुडघाभर साचलेला. तेवढा काढून उघड्या मातीचा पट्टा केला, तर आगीला पुढे जायला खायला काही उरणार नव्हते. पण राईची पूजा करणारे गोविंदबाबा ऐकेनात.

"देवाचं पान बी भायेर न्यायचं न्हाई, मॅडम. आमच्या आज्यानं न्हाई नेलं, आमी न्हाई नेणार."

वनखात्याच्या कचेरीतून हुकूम आणू, असे आमच्याबरोबरच्या एका सहकाऱ्याने सुचवले. मॅडम त्याच्यावर चांगल्याच करवादल्या. "हुकमानं काढलेला पट्टा पुढच्या वर्षी कोण काढणार? तुम्ही येणार?" शेवटी देवालाच विचारायचे ठरले. बाबांनी देवाला फूल लावून कौल मागितला. फूल डावीकडे पडले. म्हणजे नाही.

आम्ही हिरमुसलो. मॅडम म्हणाल्या, "देव नाही म्हणाला, तर नाही," आणि बाबांच्या ओसरीवर कोरा चहा घेत बसल्या. मला तर त्यांचा रागच आला होता. कप खाली ठेवता ठेवता त्यांनी विचारले, "बाबा, पान बाहेर न्यायचं नाही. पण काठावरचं आत लोटलं तर?"

बाबांनी राईकडे पाहिले. मग हसले. "आत म्हंजी देवाकडंच की!"

"तेच म्हणते मी. देवाचा पाला देवाकडेच."

पुन्हा कौल लावला आणि फूल उजवे पडले. तेव्हापासून दर फाल्गुनात वाडी राईचा काठ झाडते. पाला आत ओल्या सावलीत जातो आणि कुजून माती होतो. वाडीत याला 'देवाची झाडलोट' म्हणतात. जणू आजोबांच्या आधीपासून चालत आली आहे.

एका वर्षी झाडलोट रमजानात आली. मॅडमचा रोजा होता; त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. दुपारी त्यांनी पाणीही घेतले नाही, तेव्हा बाबांच्या सुनेच्या, यमुनाबाईंच्या, ध्यानात आले. संध्याकाळी त्यांनी झाकून ठेवलेली नाचणीची भाकरी मॅडमपुढे ठेवली. बाबाही दिवसभर जेवले नव्हते. "पावणी उपाशी आन् मी जेवू व्हय?" एवढेच ते म्हणाले. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलेले मी पहिल्यांदा पाहिले ते तेव्हा.

दुसऱ्यांदा पाहिले ते पुढे एका उन्हाळ्यात, वणव्याच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या दुपारी आग उतार चढून आली होती आणि झाडलेल्या काठाशी येऊन विझली होती. वाडीतली माणसे आनंदात होती. दरीकडच्या कोपऱ्यात मात्र पाय ठरत नाही, म्हणून तिथले झाडायचे राहिले होते. आग नेमकी तिथून शिरली आणि बेहड्याच्या बुंध्याला भिडली. मॅडम थेट तिकडे गेल्या. बुंधा एका अंगाने काळा ठिक्कर पडला होता. बाबा शेजारी बसून होते.

"म्हातारं गेलं, मॅडम. आत ती पाखराची बाय व्हती."

 खाली वाकलेल्या एका फांदीला मॅडमनी नख लावले. कोरडी निघाली. पलीकडच्या अंगाला जाऊन दुसऱ्या फांदीला लावले आणि ते बोट बाबांसमोर धरले. बोट ओले होते. तरीही कोणी उठले नाही. सगळे मान वर करून ढोलीकडे पाहत बसले. ऊन चढले. मग पंखांचा मोठा फडफडाट झाला, धनेशाचा नर चोचीत उंबर घेऊन ढोलीशी आला, आणि फटीतून एक चोच बाहेर आली. यमुनाबाईंनी हात जोडले. मॅडम तिथेच राखेत बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या.

यंदा मॅडमना साठ वर्षे पूर्ण झाली आणि त्या निवृत्त झाल्या. 'साठी बुद्धी नाठी' म्हणणाऱ्याने त्यांच्याशी एकदा वणव्यावर वाद घालून पाहावा. गुडघा मात्र कुरकुरतो, म्हणून या वेळी झाडलोटीला येणे जमणार नाही असा त्यांचा निरोप घेऊन मी वाडीत गेलो. मॅडम रिटायर झाल्या, हेही सांगितले.

"रिटायर म्हंजी?" बाबांनी विचारले.

"म्हणजे आता त्यांचं काम संपलं, बाबा."

"कुणी ठरवलं? नख लावून बघितलं का?"

मी काठ पाहायला गेलो. दरीकडचा अवघड कोपरासुद्धा दोर बांधून झाडून काढला होता. फक्त पायवाटेजवळचा, सपाटीवरचा थोडा काठ तसाच राहिला होता. तो का ठेवला, असे विचारले, तर यमुनाबाई म्हणाल्या, "त्यो मॅडमचा हाय. त्यांनी यावं, बसत उठत झाडावं. आमी हात लावणार न्हाई."

मॅडमना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावे, असे मी वेगळे काय मागू? वाडीने ते काठावर मागून ठेवलेच आहे. मॅडम, तुमच्या वाटणीचा पाला तिथे पडून आहे, फाल्गुन लागला आहे, आणि वणवा कोणासाठी थांबत नाही. तेव्हा यावे, आणि दरसाल यावे.