परिषदेच्या बॅगांचे रनर

दि. ९ फेब्रुवारी. वहिनींनी रनरच्या व्यापाऱ्याला ६२,४५० आगाऊ दिले. रनर म्हणजे बॅगेची चेन उघडताना आपण बोटाने ओढतो तो धातूचा तुकडा. तो आमच्याकडे बनत नाही, जहाजाने येतो. ज्या समुद्रातून तो येतो तिथे दोन देशांची जुंपल्यामुळे जहाजं अर्ध्या वाटेतून परत फिरत होती. व्यापारी म्हणाला, ज्याचे पैसे आधी त्याची पेटी आधी. वहिनींनी होती नव्हती ती शिल्लक त्याच्यापुढे ठेवली.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. दादा ट्रक चालवायचा. मणका गेला आणि तो घरी बसला, तेव्हा वहिनींनी एक पक्कड, एक मेणबत्ती आणि डबाभर जुने रनर घेतले नि बसस्थानकाबाहेर फुटपाथवर बसल्या. चेन अडली असेल तर तिच्यावर मेणबत्ती घासायची, रनर सैल झाला असेल तर पकडीने दाबायचा, तुटला असेल तर बदलायचा. त्यातून पुढे बंद पडलेल्या छापखान्यामागच्या दोन खोल्या, पाच मशिनी आणि पाच बायका एवढा कारखाना उभा राहिला. दादा टेबलाशी बसून सुटे धागे कापतो आणि तोंड चालवतो. हिशेब मी संध्याकाळी ऑफिसातून येऊन लिहितो.

फुटपाथवरची एक सवय त्यांची गेली नाही. माणूस समोर आला की आधी त्याच्या बॅगेची चेन बघायची. डॉक्टर दादाच्या मणक्याचा फोटो दाखवत होते तेव्हा यांचं लक्ष डॉक्टरांच्या बॅगेकडे. तिथल्या तिथे पक्कड काढून त्यांनी ती दुरुस्त करून दिली. "फी मात्र एका पैशाने कमी केली नाही मेल्याने," असं त्या अजून म्हणतात.

आमच्या भागाचे आमदार त्यांचं जुनं गिऱ्हाईक. ते विमा विकायचे त्या काळात त्यांची फुगलेली बॅग दर महिन्याला फुटपाथवर यायची. निवडून आल्यावरही वहिनी त्यांना विमेवालेच म्हणत आणि त्यांना ते आवडे. पैसे देऊन महिना झाला, व्यापारी फोन उचलेना, तेव्हा वहिनी मला घेऊन त्यांच्याकडे गेल्या.

"ताई, बसा. काय झालं?"

"विमेवाले, जहाजं बंद पडली तर सरकारने काय ठरवलंय?"

"सरकार ठरवतं कुठे? ठरल्यावर त्याला कळतं." ते हसले, मग गंभीर झाले. "किती दिवस पुरेल तुमच्याकडचा माल?"

"शाळेच्या पाचशे बॅगा होतील. तेवढीच ऑर्डर हातात आहे. त्यानंतर पाच जणींना घरी बसवायचं."

त्यांनी मला प्रश्न लिहून द्यायला सांगितला. मी वाणिज्य शाखेचा माणूस, जमा-खर्चासारखा लिहिला. सागरी मार्ग तीन महिने बंद राहिल्यास कोणत्या वस्तूंचा किती साठा आहे, तो कोणाच्या ताब्यात आहे, आणि लहान कारखान्यांना तो कोणत्या क्रमाने मिळेल.

प्रश्न सभागृहात आला त्या दिवशी पाचही मशिनी थांबल्या. बायका दादाच्या फोनभोवती जमल्या. मंत्री उठले आणि म्हणाले, शासन पूर्णपणे सज्ज असून साठा पुरेसा आहे.

"कशाचा साठा?" आमदारांनी विचारलं.

"सर्व आवश्यक वस्तूंचा."

"त्यातल्या एका वस्तूचं नाव सांगा."

मंत्र्यांनी मागे वळून अधिकाऱ्यांकडे पाहिलं. मागून चिठ्ठी आली. माहिती घेऊन पटलावर ठेवण्यात येईल, असं त्यांनी वाचून दाखवलं. मग आमदारांनी बाकाखालून एक बॅग काढून उंच धरली. तिचा रनर तुटलेला होता. "अध्यक्ष महोदय, ही बॅग उघडते, पण मिटत नाही. सरकारची तयारी अशीच आहे. तोंड तेवढं उघडतं."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींचे डोळे भरून आले. "आपलीच बॅग आहे हो, भाऊजी. मीच शिवलेली," त्या मला म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत ती बॅग छापून आली. प्रश्न चांगलाच होता. ते मी आजही नाकारणार नाही.

आठ दिवसांनी सरकारने पूर्वतयारी समिती नेमली आणि अध्यक्षपदी आमच्या आमदारांनाच बसवलं. गाडी, चालक, वातानुकूलित खोली, दोन शिपाई. विरोधकाचं तोंड बंद करायला त्याच्यात घास कोंबतात हे मला ठाऊक होतं. घास इतका लहान पुरतो हे नव्हतं. रनरबद्दल त्यानंतर त्यांनी चकार शब्द काढला नाही. व्यापाऱ्याला एक फोन करा म्हणून वहिनी दोनदा जाऊन आल्या. दोन्ही वेळा साहेब बैठकीत होते. विमेवाले म्हणायची सोय राहिली नव्हती, दारातला शिपाईच साहेब म्हणायला लावायचा.

एप्रिलच्या शेवटी मात्र साहेब स्वतः कारखान्यात आले. उभ्यानेच बोलले.

"ताई, समितीची परिषद आहे. दोनशे चाळीस पाहुण्यांना बॅगा हव्यात. मी म्हटलं, काम आपल्या माणसालाच मिळालं पाहिजे."

"साहेब, रनर शाळेपुरतेच उरलेत."

"म्हणून तर आलो. लहान कारखान्यांची यादी माझ्या सहीने निघणार आहे. पहिली पेटी उतरेल ती तुमची. शाळेला आणखी महिना आहे. तोवर दहा पेट्या येतील."

दादा कात्री खाली ठेवून म्हणाला, "पेटी आधी येऊ दे, साहेब. बॅगा मग शिवू."

"दादा, परिषद काय पेटीसाठी थांबणार आहे?"

ते गेल्यावर मी म्हटलं, निदान आगाऊ तरी घ्या. वहिनी म्हणाल्या, "त्यांच्याकडे आगाऊ मागायचं, भाऊजी? माझ्यासाठी भांडलाय तो माणूस तिथे." दादा म्हणाला, "भांडला खरा. आता नांदायला गेलाय." दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी शाळेच्या रनरचा डबा उघडला. एका बॅगेला दोन, मग ती शाळेची असो की परिषदेची. बॅगेवर 'आम्ही सज्ज आहोत' असं छापून घ्यायचं होतं. त्याचा खर्चही आमच्याच अंगावर आला.

परिषद एका मोठ्या सभागृहात दोन दिवस झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बिल द्यायला गेलो, वहिनी सोबत होत्या. पाहुणे निघून गेले होते. मागच्या टेबलावर ठरावाची प्रत पडली होती आणि तिने कुणीतरी तेलकट हात पुसले होते. ठराव पहिला: पूर्वतयारी समाधानकारक असल्याचे ही परिषद नमूद करते. दालनभर उष्ट्याचा आणि अत्तराचा मिळून एक वास कोंडला होता.

खुर्च्यांखाली आमच्या बॅगा पडल्या होत्या. ओळीच्या ओळी. भेट म्हणून मिळालेलं पेन तेवढं काढून घेऊन लोकांनी बॅगा तिथेच टाकल्या होत्या. काहींत कागदी रुमाल कोंबले होते. वहिनींनी एकीच्या खिशात हात घातला आणि चावलेलं हाड बाहेर काढलं. ते त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवलं. मग साडीला हात पुसला, पिशवीतून पक्कड काढली आणि फरशीवर मांडी घालून बसल्या. चेनीच्या टोकाची पट्टी उचकटायची, रनर सरकवून काढून घ्यायचा, डब्यात टाकायचा. दहा वर्षांत त्या अशा खाली बसल्या नव्हत्या. मी बॅगा गोळा करून त्यांच्याकडे देऊ लागलो.

समितीचा एक अधिकारी धावत आला. "बाई, काय चाललंय? हा सरकारी माल आहे."

"बिल चुकतं केलं की सरकारी," वहिनी मान वर न करता म्हणाल्या. "तोवर माझा."

त्याने साहेबांना बोलावून आणलं. साहेबांच्या गळ्यात हार होता. त्यांनी फरशीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि बाजूच्या पत्रकाराला पाहून हसले. "आमच्या ताई. काटकसरीचा आदर्श. यांच्यावरूनच मला तो प्रश्न सुचला होता."

"साहेब, माझी पेटी?"

"यादी विचाराधीन आहे, ताई."

"आणि हे शाळेचे रनर?" वहिनींनी डबा हलवला.

"चला, फोटो घेऊ एक," साहेब पत्रकाराला म्हणाले आणि वाकून वहिनींच्या शेजारी बसू लागले. वहिनींनी त्यांच्या हातातल्या नव्या चामडी बॅगेकडे पाहिलं. सवयीने. मग पक्कड पिशवीत टाकली, डबा काखेला मारला आणि उठून चालू लागल्या. फोटोत साहेब एकटेच उकिडवे बसलेले आले. खाली ओळ होती, श्रमिकांशी संवाद साधताना.

उरलेल्या बॅगा मी कारखान्यात आणून उकलल्या. टाकलेल्या एकूण एकशे एकोणऐंशी निघाल्या. एकसष्ट पाहुण्यांनी आपापल्या घरी नेल्या होत्या. तेवढ्याच बॅगा शाळेच्या ऑर्डरमध्ये कमी पडल्या. मुख्याध्यापकांनी वहिनींना चहा पाजला, माल मोजून घेतला, आणि पुढच्या वर्षाचं काम मोठ्या कारखान्याला दिल्याचं सांगितलं. जूनमध्ये तीन बायका घरी बसल्या. त्यांतल्या एकीने जाताना आपली उशी नेली, मशीनवर बसायची. उरलेल्या दोघींनी त्या दिवशी जेवणाचे डबे उघडले नाहीत.

जहाज ऑक्टोबरात लागलं. पेटी उतरली तेव्हा शिवायला काम नव्हतं. वरातीमागून घोडं, दादा म्हणाला. पेटी आली ती समितीच्या पाठपुराव्यामुळे, असं साहेबांनी वर्तमानपत्रात सांगितलं. समितीला आणखी दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली आहे.

वहिनी सकाळी कारखान्यात असतात आणि दुपारनंतर बसस्थानकाबाहेर बसतात. जागा जुनीच आहे, मेणबत्ती नवी आहे. मध्यंतरी साहेबांचा चालक त्यांची चामडी बॅग घेऊन आला होता. वहिनींनी रनर बदलून दिला आणि पैसे रोख घेतले.

परिषदेचं बिल मी दुरुस्त करून पाठवलं. उकललेल्या बॅगा त्यातून वजा केल्या, छपाईचा खर्च सोडून दिला. तीन स्मरणपत्रं गेली. एकसष्ट बॅगांचे ७,३२० समितीकडून येणे आहेत.